वाचकांचे प्रश्न : वर्गणी भरली, पुढे काय?

वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांच्या व्यावसायिक संघटनेत सभासद मनापासून का रमत नाहीत, या एकाच विषयावर गेल्या काही महिन्यांत या सदराकडे बरीच पत्रे आली. काही पत्रे पदाधिकाऱ्यांची आहेत, तर काही पदाधिकाऱ्यांना ज्यांच्याविषयी तक्रार आहे त्या सभासदांची. दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे प्रश्न अधिक स्पष्ट होतो, म्हणून निवडक सहा पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. मी स्वतः अशा संघटनेच्या कार्यकारिणीत अनेक वर्षे काम केले आहे. त्यामुळे उत्तरांत माझ्या हातून झालेल्या चुकाही आल्या आहेत.

प्रश्न : आमच्या संघटनेची सभासदसंख्या दरवर्षी वाढते, परंतु सभेला तेच दहा-बारा चेहरे दिसतात. आम्ही सवलती वाढवल्या, पुरस्कार सुरू केले, दरमहा व्याख्याने ठेवली. व्याख्यानाला प्रमाणपत्र असले की गर्दी होते आणि प्रमाणपत्रे वाटून झाली की सभागृह रिकामे होते. सभासदांना संघटना आपली वाटावी, यासाठी आणखी काय करावे?
— एका संघटनेच्या सरचिटणीस

उत्तर : आपण केलेल्या उपक्रमांची यादी मी दोनदा वाचली. सवलती, पुरस्कार, व्याख्याने ही सर्व संघटनेने सभासदांसाठी केलेली कामे आहेत. सभासदाने संघटनेसाठी करावे असे त्यांत एकही नाही. ज्याच्याकडे कधी कोणी काही मागितले नाही, तो माणूस घरचा होत नाही, पाहुणाच राहतो. पाहुणा कार्यक्रम संपताच उठून गेला, तर त्याला दोष देता येत नाही.

संघटनेने काहीच देऊ नये, असे मला म्हणायचे नाही. मंकर ओल्सन या अर्थतज्ज्ञाने १९६५ मध्ये मांडलेला विचार येथे लागू पडतो. मोठ्या गटाच्या प्रयत्नांचे फळ जर सर्वांनाच मिळणार असेल, तर त्यासाठी स्वतः झटण्याचे फारसे कारण एकेकट्या माणसाला उरत नाही. शाळांमध्ये वाचा-उपचारांच्या जागा वाढाव्यात म्हणून संघटनेने पाठपुरावा केला आणि त्यात यश आले, तर वर्गणी न भरणाऱ्यालाही ती नोकरी मिळू शकते. म्हणूनच व्यावसायिक विमा, नियतकालिक किंवा प्रशिक्षणाचे गुण यांसारखे केवळ सभासदालाच मिळणारे लाभ ठेवावे लागतात. त्यांनी वर्गणी येते. आपुलकी त्यांनी येत नाही, कारण तो व्यवहार असतो आणि व्यवहार पावती फाटली की पूर्ण होतो.

आपुलकी कशाने येते, याची नेटकी मांडणी डेव्हिड मॅकमिलन आणि डेव्हिड चॅव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये केली. समुदायाविषयीच्या आपलेपणात त्यांनी चार घटक सांगितले : आपण या गटातले आहोत ही जाणीव, गटावर आपला प्रभाव पडतो हा अनुभव, गटात राहून आपल्या गरजा भागणे आणि एकत्र घालवलेल्या काळातून जुळलेले भावबंध. ओळखपत्र पहिल्या घटकाची सोय करते, सवलती तिसऱ्याची, स्नेहमेळावा चौथ्याची. दुसरा घटक, म्हणजे प्रभाव, मात्र बहुतेक संघटना विसरतात. आणि माझ्या मते आपल्या सभागृहातील रिकाम्या खुर्च्यांचे मूळ तेथेच आहे.

याबाबतीत आपल्या व्यवसायाला खरे तर बाहेरच्या शिकवणीची गरज पडू नये. उशिरा बोलू लागलेल्या मुलाचे पालक त्याला एकामागून एक प्रश्न विचारतात, उत्तर यायच्या आत स्वतःच उत्तर देतात आणि मग ‘तो काहीच बोलत नाही’ असे आपल्याला सांगतात. आपण त्यांना काय सुचवतो? एकच गोष्ट म्हणा, थांबा, त्याच्याकडे पाहा आणि त्याने जे काही केले त्याला प्रतिसाद द्या. मेरी बड रो या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. संघटना म्हणून आपण नेमके उलटे वागतो. परिपत्रकांमागून परिपत्रके पाठवतो, ‘सूचनांचे स्वागत आहे’ असे शेवटच्या ओळीत लिहितो आणि आलेल्या दोन सूचनांना पोचही देत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्या कार्यकारिणीने एकदा सर्व सभासदांना भलीमोठी प्रश्नावली पाठवली होती. लोकांनी वेळ काढून ती भरली. काहींनी समासात बारीक अक्षरांत मजकूर लिहिला. त्या उत्तरांचा तक्ता तयार झाला, बैठकीत पाच मिनिटे चर्चा झाली आणि कागद कपाटात गेले. पुढच्या प्रश्नावलीला फारच थोडी उत्तरे आली, तेव्हा ‘सभासद उदासीन आहेत’ अशी नोंद इतिवृत्तात झाली. ती नोंद माझ्याच हस्ताक्षरात आहे. उदासीन कोण होते, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

तेव्हा नवे उपक्रम तूर्त थांबवा आणि छोटी, खरी, संपणारी कामे तयार करा. वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरवलेल्या रुग्णाच्या कुटुंबीयांसाठी संघटनेला एक पानी माहितीपत्रक हवे आहे, असे समजा. ते कार्यकारिणीतील कोणीतरी एका रात्रीत लिहून टाकू शकेल, आणि बहुतेक वेळा तसेच घडते. त्याऐवजी आजवर एकाही बैठकीला न आलेल्या तिघा सभासदांना, त्यांच्या कामाची माहिती काढून, नावाने पत्र लिहा : ‘आपण रुग्णालयातून घरी जाणारे असे रुग्ण रोज पाहता, हा मसुदा दोन आठवड्यांत वाचून, नातेवाइकांना न समजणारी वाक्ये खुणावून द्याल का?’ काम दोन तासांचे असावे, त्याची मुदत ठरलेली असावी आणि ते त्याच व्यक्तीकडे का मागितले आहे, हे पत्रात स्पष्ट असावे. पत्रक छापले की त्यांच्या खुणांमुळे कोणती वाक्ये बदलली, हे त्यांना कळवा. एखादी सूचना स्वीकारली नसेल, तर त्याचे कारणही कळवा. नकाराचे कारण सांगितले जाते तेथे माणसे पुन्हा बोलतात, असा माझा अनुभव आहे.

सर्वांना उद्देशून ‘इच्छुकांनी संपर्क साधावा’ असे आवाहन करू नका. ते वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटते की, इच्छुक दुसरे कोणीतरी आहेत.

प्रश्न : मी एका शाळेत काम करते. तेथे माझ्या विषयाची मी एकटीच आहे. संघटनेच्या अधिवेशनात बहुतेक सत्रे रुग्णालयांतील कामाविषयी असतात : गिळण्याच्या तपासण्या, शस्त्रक्रियेनंतरचा आवाज, कर्णावर्त रोपण (कॉक्लिअर इम्प्लांट). मी मागच्या रांगेत बसून येते. ही संघटना माझी आहे, असे मला कसे वाटावे?
— शालेय वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ

उत्तर : आपली भावना एकट्या आपली नाही, आणि ती नवीही नाही. आपल्या व्यवसायातील संघटनांची नावे काळानुसार कशी बदलली, हे पाहिले तरी कोणाला कधी आत घेतले गेले याचा माग लागतो. अमेरिकेतील आजची मोठी संघटना १९२५ मध्ये ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ स्पीच करेक्शन’ म्हणून सुरू झाली. तेव्हा भर होता तो सदोष बोलणे सुधारण्यावर. १९४७ मध्ये नावात श्रवण आले. भाषा हा शब्द आला तो १९७८ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर अर्धशतक उलटल्यावर. मुलांच्या भाषाविकासावर काम करणारी माणसे त्याआधीही होतीच. पाटीवर स्वतःचे काम वाचण्यासाठी त्यांना थांबावे लागले. ऑस्ट्रेलियातील संघटनेनेही १९४९ पासून आपले नाव दोनदा बदलले आहे. नाव बदलणे हा वरवरचा सोपस्कार आहे, असे मला पूर्वी वाटत असे; आता तसे वाटत नाही.

तरीही आपल्याला पन्नास वर्षे थांबण्याची गरज नाही. मोठ्या अधिवेशनात मागच्या रांगेतच बसावे लागते, कारण त्याची रचनाच तशी असते. आपुलकी लहान गटात जुळते. म्हणूनच अमेरिकेतील संघटनेत आवाज, अडखळत बोलणे, गिळण्याचे विकार, पर्यायी संवादसाधने, शालेय सेवा अशा विषयांचे ‘स्पेशल इंटरेस्ट ग्रुप’ आहेत आणि ब्रिटनमधील वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या छायेत ‘क्लिनिकल एक्सलन्स नेटवर्क’ चालतात. नावे भारदस्त आहेत, पण मूळ कल्पना साधी आहे : सारखे काम करणाऱ्यांनी नियमाने भेटावे आणि एकमेकांच्या अडचणी ऐकाव्यात.

आपण स्वतःच पुढाकार घेऊन शाळांत काम करणाऱ्या सहा-सात जणींचे एक अभ्यासमंडळ सुरू करावे, असे मी सुचवेन. दरमहा एक तास पुरतो. त्या तासात व्याख्यान नको. एकीने आपल्याला अडलेले एक उदाहरण मांडावे, बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारावेत आणि सल्ला शेवटच्या वीस मिनिटांतच द्यावा. हा क्रम पाळणे वाटते त्याहून कठीण आहे, कारण आपल्याकडे प्रत्येकीजवळ उपाय तयार असतो. वर्गात काहीच न बोलणारा आणि घरी अखंड बोलणारा मुलगा, शिक्षकांना वाटणारी अवघडलेली भीती, एका उपचारतज्ज्ञाच्या वाट्याला आलेली बेसुमार मुले — हे विषय कोणत्याही अधिवेशनाच्या पत्रिकेवर येत नाहीत, आणि एकट्याने काम करणाऱ्याला रात्री झोप लागू देत नाहीत तेही हेच. मुलाचे नाव, शाळा, ओळख पटेल असा कोणताही तपशील मात्र मंडळात येता कामा नये. हा नियम पहिल्याच दिवशी लेखी ठरवा.

माणसे कशी शिकतात याचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एटियेन वेंगर यांनी १९९१ मध्ये असे मांडले की, नवखा माणूस व्यवसायात शिरतो तो काठावरून; आधी पाहतो, मग लहान कामे करतो आणि हळूहळू मध्याकडे सरकतो. त्यांच्या लेखी काठावर असणे ही कमीपणाची गोष्ट नाही, मात्र काठावरून आत येणारी वाट उघडी असली पाहिजे. ही वाट उघडण्याचे काम संघटनेचे आहे. मंडळ वर्षभर टिकले, तर त्याच्या वतीने अधिवेशनात एका सत्राची लेखी मागणी करा. एकटीने केलेली मागणी ही तक्रार ठरते, सात सह्यांची मागणी कार्यक्रमपत्रिकेत जाते.

प्रश्न : मी वाचा-उपचाराच्या अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षाला आहे आणि मी अडखळत बोलतो. संघटनेच्या सर्वसाधारण सभेत मी एकदा प्रश्न विचारण्यासाठी उभा राहिलो होतो. प्रत्येकाला दोन मिनिटे दिली होती. माझा पहिला शब्द निघेपर्यंत घंटा वाजली, आणि व्यासपीठावरील एका ज्येष्ठांनी मोठ्या प्रेमाने माझे वाक्य पुरे करून टाकले. ते वाक्य चुकीचे होते. सभागृहातील प्रत्येकाचा व्यवसाय मला समजून घेण्याचा आहे, तरीही तेथे मला जितके परके वाटले तितके इतरत्र कुठेच वाटत नाही.
— एक विद्यार्थी-सभासद

उत्तर : आपले पत्र मी आमच्या काही जुन्या सहकाऱ्यांना वाचून दाखवले आणि खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. आपल्या व्यवसायाने वरमून मान खाली घालावी, असाच हा प्रसंग आहे.

ही आपली जागा आहे, हे सांगायला इतिहासातील पुरावा पुरेसा आहे. अडखळत बोलण्याच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत चार्ल्स व्हॅन रायपर आणि वेंडेल जॉन्सन यांची नावे अग्रक्रमाने येतात. दोघेही आयोवा विद्यापीठात घडले आणि दोघेही स्वतः अडखळत बोलत. म्हणजे आपल्यासारखी माणसे या व्यवसायाच्या दाराशी उभी नव्हती, घर बांधणाऱ्यांत होती.

पण इतिहासाने सभेची घंटा थांबत नाही. म्हणून आपल्या पत्राच्या आधारे मी पदाधिकाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहिते. आपण हा अंक त्यांच्या हाती द्यावा. बोलण्याची मर्यादा मिनिटांत न ठरवता मुद्द्यांत ठरवावी : प्रत्येकाने एक प्रश्न विचारावा, तो मांडायला जितका वेळ लागेल तितका लागू द्यावा. अध्यक्षांनी सभेच्या आरंभीच सांगावे की, कोणाचेही वाक्य कोणी पुरे करणार नाही. हे एकदा मोठ्याने म्हटले की पुन्हा सांगावे लागत नाही. विषयपत्रिका आणि मसुदे आठवडाभर आधी पाठवावेत, कारण संवादफलक किंवा बोलणारे यंत्र वापरणाऱ्या सभासदाला आपले म्हणणे आधी रचून ठेवावे लागते. लेखी प्रश्न सभेत वाचण्याची सोय सर्वांसाठीच खुली ठेवावी, म्हणजे ती एखाद्याला दिलेली सवलत वाटत नाही. आणि ध्वनिक्षेपक हातात घ्यायला ‘माझा आवाज खणखणीत आहे’ म्हणून नकार देणाऱ्या वक्त्याला, तो कितीही मोठा असो, तो घ्यायलाच लावावा. श्रवणयंत्र लावलेला श्रोता त्या खणखणीत आवाजावर विसंबून राहू शकत नाही. पडद्यावर बोलण्याची लेखी प्रत आणि आवश्यक तेथे सांकेतिक भाषेचे दुभाषे यांचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. आयत्या वेळी ‘निधी नाही’ असे म्हणायला मग जागा उरत नाही.

२२ ऑक्टोबरला, म्हणजे अडखळत बोलण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय जागृतीदिनाला, आपली संघटना भित्तिपत्रके लावत असेल. पुढच्या वर्षीच्या भित्तिपत्रकाचा मजकूर आपल्याकडून लिहून घ्यावा, असे मी पदाधिकाऱ्यांना म्हणणार होते, पण थांबले. अडखळत बोलणाऱ्या सभासदाला फक्त अडखळण्याच्या विषयावरच बोलावणे, हाही त्याला एका कोपऱ्यात बसवण्याचाच प्रकार आहे. आपल्याला लेखापरीक्षणात रस असेल, तर आपण त्यावर प्रश्न विचारावेत. त्या दिवशी आपल्याला काय विचारायचे होते, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. तो प्रश्न आता लेखी स्वरूपात कार्यकारिणीकडे पाठवा आणि लेखी उत्तर मागा.

प्रश्न : आम्ही उमेदीच्या काळात पदरमोड करून, रात्री जागून संघटना उभी केली. आजच्या तरुण सभासदांना सगळे आयते हवे असते. ते येत नाहीत म्हणून आम्हालाच ओझे वाहावे लागते. त्यांच्यात निष्ठा कशी निर्माण करावी?
— संस्थापक-सभासद

उत्तर : आपल्या कष्टांविषयी आदर ठेवूनच लिहिते. आपण संघटना उभी केलीत, तेव्हा तिचे नियम आपणच केले, नाव आपणच ठरवले, पहिले पत्र कोणाला लिहायचे हेही आपणच ठरवले. निष्ठेमुळे आपण काम केले, असे आपल्याला वाटते; मला वाटते की काम आपल्या हातात होते, म्हणून निष्ठा निर्माण झाली. आजच्या तरुणाला आपण काय देता? बहुधा खुर्च्या मांडण्याचे, पाहुण्यांना आणायला जाण्याचे आणि समाजमाध्यमांसाठी चित्रे तयार करण्याचे काम. निर्णय आधीच झालेला असतो. त्याची सजावट करायला त्याला बोलावले जाते. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यातही माणसाला आनंद वाटतो, पण त्या किती भाजायच्या हे विचारण्याइतका तरी अधिकार त्याला हवा.

पदांना मुदत घाला. एक व्यक्ती एका पदावर सलग दोन कार्यकाळांपेक्षा अधिक राहणार नाही, अशी दुरुस्ती घटनेत करा आणि ती आपल्यापासून लागू करा. प्रत्येक पदासोबत एक सहपद ठेवा. सहखजिनदाराने वर्षभर हिशेब खरोखर पाहावेत, नुसते नाव लावू नये. तो काही चुका करील. आपणही केल्या होत्या, फक्त तेव्हा वर कोणी ज्येष्ठ पाहत नव्हते.

आणखी एक गोष्ट. व्यवसायात नवीन असलेल्यांना सुरुवातीला नोकरीत सर्वांत अडचणीच्या वेळा मिळतात. अनेकांच्या घरी लहान मुले असतात. संध्याकाळची तीन तासांची बैठक ही आपल्याला सवयीची आहे. त्यांना ती परवडत नाही. बैठक एका तासाची करून पाहा आणि मगच निष्ठेविषयी बोलू.

प्रश्न : माझे बहुतेक काम ज्या भाषेत चालते, ती संघटनेच्या कारभाराची भाषा नाही. चाचण्या, मार्गदर्शिका, प्रशिक्षण सगळे एकाच मोठ्या भाषेत असते. मी तेथे शिकते आणि परत येऊन सर्व काही स्वतःशी नव्याने रचते. या कामाची कोणाला कल्पनाही नसते.
— एक सभासद

उत्तर : भाषेवर उपचार करणाऱ्यांच्या संघटनेला सभासदांच्या भाषा ठाऊक नसाव्यात, यातील विरोधाभास आपण पत्रात सौम्यपणे मांडला आहे; मी असते तर अधिक कडक लिहिले असते. एका भाषेतील चाचणीचे शब्दशः भाषांतर दुसऱ्या भाषेत चालत नाही, हे आपल्या व्यवसायात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते. ज्या भाषेत क्रियापद लिंगानुसार बदलते आणि नामाला विभक्तीचे प्रत्यय लागतात, तेथे मुलाची चूक कोठे दिसेल हे इंग्रजीवरून ठरवता येत नाही. मुलांच्या भाषाविकाराला एकच नाव असावे यासाठी मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेल्फी पद्धतीने, म्हणजे प्रश्नावलीच्या लागोपाठ फेऱ्यांतून, तज्ज्ञांची मते जुळवून २०१६ आणि २०१७ मध्ये जे निष्कर्ष मांडले, तेही त्यांनी जाणीवपूर्वक इंग्रजीभाषक देशांपुरतेच ठेवले होते. मर्यादा अशी स्पष्ट सांगणे हा प्रामाणिकपणा आहे. आपल्या संघटनांनी तेवढे तरी करावे.

आपण ‘स्वतःशी नव्याने रचते’ असे जे लिहिले आहे, ते खरे तर संघटनेचे धन आहे आणि ते आपल्या टेबलाच्या खणात पडून आहे. संघटनेने आधी एक साधी नोंदवही करावी : कोणता सभासद कोणत्या भाषेत काम करतो. माझ्या अनुभवात बऱ्याच ठिकाणी ही माहिती सभासदत्वाच्या अर्जात विचारलेलीच नसते. पदवी विचारतात, नोंदणी क्रमांक विचारतात, उपचाराची भाषा विचारत नाहीत. ही नोंद झाली की एकाच भाषेत काम करणारे पाच-सात जण एकमेकांना सापडतात. मग त्यांनी आपापले शब्दसंग्रह, चित्रे, गोष्टी, पालकांसाठीच्या सूचना एकत्र कराव्यात आणि प्रत्येक साहित्यावर ते कोणी तयार केले, कोणत्या वयाच्या मुलांसाठी वापरले आणि ते प्रमाणित चाचणी नाही, हे ठळक लिहावे. गिळण्याचा त्रास असलेल्यांच्या आहारासाठी पातळ द्रवापासून नेहमीच्या अन्नापर्यंत ० ते ७ अशा पातळ्या ठरवणारी ‘इड्सी’ ही आंतरराष्ट्रीय चौकट अनेक भाषांत गेली आहे. ‘मधासारखे घट्ट’ म्हणजे किती घट्ट, हे प्रत्येकाच्या मनात वेगळे असते, म्हणून तिच्यात पिचकारीतून दहा सेकंदांत किती द्रव वाहून जातो हे मोजण्याची कसोटी ठेवली आहे. ज्या गोष्टीचे भाषांतर डळमळीत होते तेथे मोजता येणारी खूण शोधावी, हा धडा आपल्या गटालाही उपयोगी पडेल.

संघटनेचा सगळा कारभार सर्व भाषांत होणे अवघड आहे, हे मला मान्य आहे. पण सभासदाने आपल्या भाषेत लिहिलेल्या पत्राला त्याच भाषेत उत्तर देणारे कोणीतरी संघटनेत असावे, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.

प्रश्न : यंदा बऱ्याच सभासदांनी नूतनीकरण केले नाही. आम्ही तीन स्मरणपत्रे पाठवली. गेलेल्यांना परत कसे आणावे आणि पुढच्या वर्षी परिस्थिती सुधारली की नाही, हे कसे मोजावे?
— एका संघटनेचे खजिनदार

उत्तर : आपण पाठवलेली स्मरणपत्रे मी पाहिलेली नाहीत, तरी त्यांतील मजकूर मला अंदाजाने सांगता येईल, तशी पत्रे मी स्वतः लिहिली आहेत. त्यांत रक्कम असते, मुदत असते आणि मुदतीनंतरचा दंड असतो. ‘आपण का गेलात’ हा प्रश्न नसतो. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, संस्थेचे काही बिघडले तर माणसापुढे दोन मार्ग असतात : बोलून दाखवणे किंवा निघून जाणे. बोलण्याचा उपयोग होत नाही असे ज्याला वाटते, तो निघून जातो, आणि बहुधा अगदी शांतपणे. आपल्या यादीतील अनेकांनी आधी कधीतरी, कोणालातरी, काहीतरी सांगितले असण्याची शक्यता आहे.

तेव्हा चौथे पत्र पाठवू नका, फोन करा. तो आपण करू नये. खजिनदाराचा आवाज ऐकताच समोरचा वर्गणीचा विचार करतो. त्याच प्रकारचे काम करणाऱ्या दुसऱ्या सभासदाने करावा. त्याने फक्त दोन गोष्टी विचाराव्यात : संघटनेकडून काय हवे होते, आणि ते न मिळाल्याचे पहिल्यांदा केव्हा वाटले. बचाव करू नये, स्पष्टीकरण देऊ नये, संभाषणाच्या शेवटी वर्गणीचा विषय काढू नये. काहीजण बाळंतपण, आजारी माणसाची शुश्रूषा, पुढील शिक्षण किंवा निवृत्ती यांमुळे थांबलेले आढळतील. त्यांच्यासाठी अल्प वर्गणीचे विराम-सभासदत्व ठेवा. नाव यादीवरून एकदा उतरले की परत येण्यासाठी नव्याने अर्ज भरावा लागतो, आणि ती पायरी अनेकांना जड जाते.

मोजमापाविषयी थोडक्यात लिहिते. अधिवेशनाची उपस्थिती मोजू नका. तिच्यात प्रमाणपत्रांचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. मी तीन आकडे पाहीन. दुसऱ्या वर्षी किती नव्या सभासदांनी नूतनीकरण केले, कारण पहिले वर्ष अनेकदा उत्सुकतेचे किंवा सक्तीचे असते. वर्षभरात पूर्वी कधीच काम न केलेल्या किती सभासदांनी एखादे लहान काम पूर्ण केले. आणि सभासदाच्या पत्राला उत्तर जायला सरासरी किती दिवस लागले. पहिल्या दोन आकड्यांसाठी आपल्याला वर्षभर थांबावे लागेल. तिसरा आपल्या कार्यालयातील आवक-जावक नोंदवही उघडली तर आजच काढता येईल. गेल्या सहा महिन्यांची पाने पाहा आणि ज्यांची नूतनीकरणे राहिली आहेत त्यांची नावे त्या पानांवर सापडतात का, हेही तपासा.